बिनमोहरीचं घर

आमच्या घरात मोहरी नाही. फोडणीच्या डब्यात नाही, लोणच्यात नाही, फ्रिजखाली घरंगळलेला एखादा दाणासुद्धा नाही. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण तो फ्रिज पुढे ओढून मागची लादी मी स्वतःच्या हाताने पुसली आहे. आलेल्या माणसाला हे आल्या आल्या कळत नाही. जेवायला बसला की तो आमटीत डाव फिरवतो, परत एकदा फिरवतो आणि जपून विचारतो, फोडणी राहिली का वहिनी? नाही हो, राहिली नाही. जिऱ्याची आहे, जेवा गुमान.

माझ्या मुलीला मोहरीची ॲलर्जी आहे. आता ती सहावीत आहे आणि कुठेही गेली तरी स्वतःचं स्वतः विचारून खाते, पण मी सांगते आहे ती गोष्ट ती जेमतेम चार वर्षांची होती तेव्हाची. मोहरी तिच्या पोटात गेली, अगदी चमच्याला लागलेली का असेना, की ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, घसा आवळत जातो आणि श्वास लागतो. हे सांगितलं की लोक म्हणतात, अगं आमच्या ह्यांनाही वांगं सोसत नाही. माझं डोकंच फिरतं. वांग्याने खाज सुटते. इथे जीव जाऊ शकतो.

पहिल्यांदा कळलं ते सासूबाईंच्या कैरीच्या लोणच्यामुळे. त्या दर मे महिन्यात बरणीभर लोणचं घालायच्या, चांगली मूठभर मोहरीची डाळ घालून, आणि मुलुंडच्या आमच्या सोसायटीत त्याचं नाव होतं. मुलगी दोन वर्षांची होती. माझ्या ताटातली फोड तिने कधी उचलली ते मला कळलंही नाही. कळलं ते तिचा चेहरा बघून. दवाखाना, मग मोठं हॉस्पिटल, मग तपासण्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मोहरी पूर्ण बंद. मी विचारलं, थोडीशी? नाही. फोडणीतली तरी? ती तर तेलात भाजून निघते. त्या म्हणाल्या, भाजा, तळा, वाटा, तिचा गुण जात नाही. मग आम्ही खायचं काय, असं मी विचारलं तेव्हा त्यांनाच हसू आलं. त्याही मराठीच होत्या.

कारण बघा ना, मोहरी नाही कशात? पोह्यांत आहे, उपम्यात आहे, कोशिंबिरीवर आहे, ढोकळ्यावर तर शिंपडलेलीच असते. बटाटेवड्याच्या आत दिसत नाही पण आहे. शेंगदाण्याला घाबरणारं घर शेंगदाणे आणायचं बंद करतं. आमच्याकडे गॅस पेटवला, तेल टाकलं की पहिली ती. सासूबाई सांगायच्या, मोहरी हे स्वयंपाकाचं घड्याळ आहे, ती तडतडली की पुढचं घालायचं. ते घड्याळच बंद पडलं तेव्हा पहिला आठवडाभर आम्ही काळं कुळकुळीत जिरं खाल्लं.

पण एक सांगते, सासूबाईंनी कुरकुर केली नाही. हॉस्पिटलातून आलो त्याच संध्याकाळी त्यांनी लोणच्याची बरणी उचलून समोरच्या काकूंकडे दिली, लोणचं आणि बरणी दोन्ही. फोडणीचा डबा घासला, उन्हात घातला. मोहरीची वाटी रिकामी बरी दिसेना म्हणून तिच्यातही जिरंच भरलं. आमच्या डब्यात आजही दोन वाट्या जिऱ्याच्या आहेत आणि नवीन माणूस हमखास विचारतो की असं का.

माझी नोकरी साकीनाक्याला, एका कंपनीच्या हिशेब खात्यात. सकाळी निघायचं ते दिवेलागणीला परत. नवरा कामासाठी महिन्यातून अर्धे दिवस बाहेरगावी. म्हणजे दिवसभर मुलगी कुणाच्या हवाली, तर सासूबाईंच्या. त्यांना जमलं तर माझी नोकरी, नाही जमलं तर घरी बसायचं, इतका सरळ मामला होता. आणि जमणं म्हणजे काय, तर मोहरीचा एक दाणा पोरीजवळ फिरकू द्यायचा नाही, आणि फिरकलाच तर इंजेक्शन द्यायचं.

त्या इंजेक्शनवरून आमचं चांगलंच वाजलं होतं. पेनासारखं असतं ते. टोपण काढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला दाबायचं, कपड्यावरूनही चालतं, दाबून तसंच धरायचं आणि मग तडक हॉस्पिटल गाठायचं. आमच्याकडे एक सरावाचं पेन होतं, बिनसुईचं. मी सोफ्याच्या उशीवर करून दाखवायचे. सासूबाई उशीकडे बघायच्या आणि हात मागे घ्यायच्या. मला नाही गं जमायचं, म्हणायच्या, माझ्याच्याने सुई टोचवणार नाही पोरीला. मी म्हणायचे, आई, उशीला तर टोचा. एकदा टोचलं त्यांनी, डोळे मिटून, तेही उशीच्या ऐवजी सोफ्याला. मुलगी टाळ्या पिटत हसली, मला मात्र रडू यायचं बाकी होतं. शेवटी ते खरं इंजेक्शन एका छोट्या पिशवीत घालून फ्रिजशेजारच्या खिळ्याला टांगलं आणि देवाला हात जोडले की त्याची वेळ येऊ देऊ नको.

वेळ येऊ नये यासाठी मात्र सासूबाईंनी जी शक्कल काढली तिला तोड नाही. बारशाला, मुंजीला, कुणाकडे सत्यनारायणाला गेलं की आमची वाट लागायची. ॲलर्जी म्हटलं की यजमानीण हसून म्हणायची, अगं एवढ्याशा मोहरीने काय होतंय, आम्ही पण खाऊनच वाढलो. काढून बाजूला ठेव ना दाणे. मी तापायचे, मग नवरा मला कोपऱ्यात नेऊन शांत करायचा. एका मुंजीत असंच चाललेलं असताना सासूबाई पुढे झाल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "हिला आज उपास आहे."

झालं. सगळ्यांचा सूरच बदलला. इतकीशी पोर आणि उपास धरते! कुणी आग्रह केला नाही, कुणी थोडंसं म्हटलं नाही. कुणीतरी आत जाऊन वेगळ्या कढईत, वेगळ्या डावाने, साजूक तुपात जिऱ्याची फोडणी देऊन साबुदाण्याची खिचडी करून आणली. उपासाला मोहरी चालत नाही हे मला जन्मापासून माहीत होतं, पण हे असं वापरता येईल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आपल्या लोकांना पोरीचा जीव घाबरवत नाही, पण तिचा उपास मोडायला कुणी धजावत नाही. मला याचा राग यावा की हसू, ते मी अजून ठरवलेलं नाही. त्या दिवसापासून माझी मुलगी चुलत-मामे भावाबहिणींच्या लग्नांत उपाशी राहून पोटभर जेवली आहे. नात्यात तिची ख्याती अशी झाली की एका मामींनी मला विचारलं, कुठला गुरू केलाय का तिला?

म्हणजे माझा विश्वास बसला होता. मला वाटलं, या बाईंच्या नजरेतून मोहरी सुटायची नाही.

त्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत मुलीचा नाच होता. नऊवारी नेसवलेली, नथ घातलेली, कपाळावर चंद्रकोर. नाचली छान. खाली मंडपात ज्याने त्याने तिचा गालगुच्चा घेतला, कुणी म्हणालं बाहुली आहे नुसती, कुणी म्हणालं हिला सिनेमात घाला. सासूबाई हसत होत्या पण त्यांचं लक्ष लोकांच्या डोळ्यांकडे होतं. दुसऱ्या दिवशी मुलगी किरकिरी झाली. दूध नको, पोळी नको, मांडीवरून उतरायला नको. दमली असेल, म्हणून मी ऑफिसला गेले. नवरा बाहेरगावी होता.

पुढचं मी बघितलेलं नाही. सासूबाईंनी नंतर तुकड्यातुकड्याने सांगितलं ते आणि समोरच्या काकूंनी सांगितलं ते, असं जोडून सांगते आहे.

सासूबाईंना वाटलं दृष्ट लागली. त्यांनी देव्हाऱ्यामागे हात घातला आणि एक पुडी काढली. तिच्यात मोहरी होती. दोन वर्षं ती पुडी तिथे होती. आम्ही अख्खं स्वयंपाकघर पालथं घातलं, फ्रिज सरकवला, पण देव्हाऱ्यामागे कोण बघणार? आणि त्यांनी ती लपवलीही नव्हती. त्यांच्या लेखी ती खायची वस्तूच नव्हती. फोडणीची मोहरी वेगळी, दृष्टीची वेगळी. एक पोटात जाते, दुसरी विस्तवात जाते.

मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या त्यांनी मुठीत घेतल्या, पोरीवरून उतरवल्या, आल्यागेल्याची, शेजारपाजारची, सगळ्यांची नावं घेतली आणि गॅसवर तापलेल्या जुन्या तव्यावर मूठ रिकामी केली. दृष्टीचा हिशेब असा असतो: मिरच्या जळूनही कुणाला ठसका लागला नाही तर दृष्ट मोठी होती. ठसका लागला तर काळजी नाही, पोर निर्मळ आहे. मुलीला ठसका लागला. सासूबाईंच्या जिवात जीव आला. चला, काही नव्हतं, असं म्हणून त्यांनी तिला जवळ घेतलं, त्याच हाताने तिचं तोंड पुसलं आणि त्याच हाताने केळं सोलून भरवलं. पोरगी सकाळपासून पहिल्यांदा काही खात होती, म्हणून त्या खूश होत्या.

ठसका थांबेना. पहिल्यांदा त्यांना वाटलं धूर राहिलाय, खिडकी उघडली. मग मुलीने ओठ चोळले आणि तिचा आवाज घोगरा आला. ती म्हणाली, आजी, घशात काहीतरी बसलंय. तेव्हा सासूबाईंना कळलं.

समोरच्या काकू हाक ऐकून धावत आल्या तेव्हा सासूबाईंनी पिशवी खिळ्यावरून काढलेली होती. काकू पाणी आणायला धावल्या, सासूबाई ओरडल्या, पाणी नको, रिक्षा बघ. त्यांनी टोपण काढलं, पोरीला जमिनीवर आडवं केलं, तिचा पाय स्वतःच्या गुडघ्याने दाबला आणि मांडीला ते दाबून धरलं. काकू मला नंतर म्हणाल्या, तुझी सासू डोळे मिटेल असं मला वाटलं होतं गं, पण तिने पापणीही हलवली नाही.

मी साकीनाक्याहून हॉस्पिटलात कशी पोचले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मुलगी पलंगावर बसली होती, तोंडावर वाफेचा मास्क, गाल लाल, डोळे सुजलेले, पण श्वास घेत होती. आणि सासूबाई लांब, भिंतीजवळच्या स्टुलावर. त्यांनी उजवा हात मांडीपासून वेगळा, अधांतरी धरला होता. मुलगी मास्कच्या आतून आजी आजी करत होती आणि त्या जागच्या हलत नव्हत्या. मी जवळ गेले तर हाताला जळक्या मिरचीचा वास. धुतला नव्हता त्यांनी तो. पण इंजेक्शन दिल्यावर कशालाच लावलाही नव्हता.

मी विचारलं, काय खाल्लं हिने? त्यांनी सांगितलं. पुडीचंही सांगितलं. "ती खायची मोहरी नव्हती गं," असं दोनदा म्हणाल्या.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, तुम्ही मारली असतीत तिला."

त्यांनी मान हलवली. हो म्हणाल्यासारखी. मग मी त्यांना नळापाशी नेलं आणि साबणाने हात धुवायला लावले, आणि त्या लहान मुलासारख्या मुकाट्याने धूत राहिल्या.

डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन वेळेत मिळालं. आजींनी थोडाही उशीर केला असता तर आपण वेगळं बोलत असतो. आजची रात्र राहू द्या, उद्या घेऊन जा. मी ते ऐकलं, पण डोक्यात एकच घोळत होतं, की उद्या घेऊन गेल्यावर परवा काय? परवा मी कुणाच्या भरवशावर दाराबाहेर पडणार?

नवरा आला, नवीन इंजेक्शन घेऊन आला. त्याला मी सांगितलं, मी पाळणाघर बघते. तो म्हणाला, आईला काय सांगायचं? मी म्हटलं, तू नको सांगूस, मी सांगते, मला काही कुणाची भीडभाड नाही. प्रत्यक्षात दोन दिवस रजा घेऊन घरी बसले आणि एक अक्षर बोलले नाही. सासूबाईही नाही. पुडी त्यांनी कचऱ्यात नाही, खाली जाऊन सोसायटीच्या बाहेर नेऊन टाकली, हे मला वॉचमनकडून कळलं. देव्हारा पुढे ओढून त्यांनी मागची भिंत पुसली होती. मुलीला जेवण मी भरवत होते आणि त्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

पाळणाघर आमच्या मागच्याच गल्लीत होतं. स्वच्छ, हवेशीर, भिंतीवर हत्ती आणि फुगे. चालवणाऱ्या बाई चांगल्या होत्या, उगाच नावं ठेवणार नाही. मी मोहरीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, आम्ही तिला दुसरं काही देणारच नाही, तुमचा डबाच देऊ. मग मी पर्समधून नवीन इंजेक्शन काढून दाखवलं. त्यांनी हात मागे घेतला. अगदी तसाच, उशीपुढे सासूबाई घ्यायच्या तसा.

त्या म्हणाल्या, हे आम्ही नाही हो देणार. जबाबदारीचं काम आहे. काही वाटलंच तर आम्ही लगेच तुम्हाला फोन करू.

मी म्हटलं, आणि मी साकीनाक्याहून येईपर्यंत?

 मी इंजेक्शन परत पर्समध्ये ठेवलं. मी त्यांचे आभार मानले आणि निघाले. रस्त्यावर आले. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. डोळ्यांपुढे एकच चित्र होतं, पोरीचा पाय गुडघ्याखाली दाबून धरलेली, डोळे उघडे ठेवलेली म्हातारी. जिला सुई बघवत नव्हती ती.

घरी आले तर सोफ्यावर मुलीची पिशवी भरून ठेवलेली. दोन फ्रॉक, पाण्याची बाटली, तिचा डबा, जुनी दुलई, वर इंजेक्शनसाठी मोकळी जागा. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, घरातल्या गाऊनवर, केसही नीट न विंचरलेले. मी काही सांगायच्या आत म्हणाल्या, "उद्यापासून ठेव तिला तिकडे. माझ्यावर भरवसा नको ठेवूस."

मी पिशवीशेजारी बसले. विचारलं, आई, एवढं सगळं सांभाळलंत, उपासाची युक्ती काढलीत, मग दृष्ट कशाला काढायची होती हो? रागाने नाही विचारलं. खरंच कळून घ्यायचं होतं मला.

त्या बराच वेळ दुलईची घडी करत राहिल्या. झालेलीच घडी परत करत राहिल्या.

"तू ऑफिसला जातेस," त्या म्हणाल्या, "मी दिवसभर तिच्या तोंडाकडे बघत बसते. काय खाल्लं, कुठे हात लावला, ओठ लाल दिसतात का. झोपली की श्वास मोजते. तुमच्याकडे डॉक्टर आहे, ते इंजेक्शन आहे. मी भ्यायले की माझ्याकडे काय आहे गं? मूठभर मीठ-मोहरी. दुसरं काय होतं माझ्याकडे?"

आणि त्या रडल्या. मी लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांना रडताना बघितलं नव्हतं, सासरे गेले तेव्हाही नाही. मी पण रडले, खोटं कशाला बोलू. मुलगी आतून आली, दोघींकडे बघून तिलाही रडायला आलं, आणि पाच मिनिटं आमच्या घरात नुसता गोंधळ होता.

मग मी नाक पुसलं. पिशवीतले फ्रॉक काढून कपाटात ठेवले. बाटली ओट्यावर ठेवली. म्हटलं, दृष्ट काढायची तर काढा, नुसत्या मिठाने काढा, मीठ चालतं तिला. मग माझ्या पर्समधलं नवीन इंजेक्शन काढलं आणि फ्रिजशेजारच्या खिळ्याकडे न जाता सरळ त्यांच्यापुढे धरलं.

"आई, तुमच्याकडे हे आहे," मी म्हटलं. "हे माझं नाही, डॉक्टरांचंही नाही. हे तुमचं आहे."

त्यांनी ते घेतलं. उलटसुलट करून बघितलं, टोपण घट्ट आहे ना ते दाबून बघितलं, आणि गाऊनच्या खिशात घालून वरून हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले.